चवळाईचं पाणी

थांब वं चमेली, ते पाणी ओतू नोको. मोरीत कायले ओतून राहिली? ठेव ते गंजभर पाणी खाली. हं. आधी चिरली, मग धुतली, मग उकळली, आता पिळून लाडू करून राहिली — तुह्या आमगावात भाजी शिजवतात का लुगडं धुतात? रुसू नोको, माह्या सासूनंही मले हेच शिकवलं. लाडू पुरुषांच्या ताटात, पाणी मोरीत. मोरीच्या तोंडाशी आपली पपई होती. चवळाईचं पाणी पिऊन पिऊन एवढी उंच गेली, का सौंदडच्या छोट्या गाडीच्या डायवरनं पिकली पपई पाहून सिग्नलचा लाल दिवा समजला — अर्धा घंटा गाडी उभी. हसतेस? विचार तुह्या मामाजीले, माह्या घरधन्याले. ते म्हणतील, खोटं आहे. पण वर पाहाले मान उचलायची ताकद कुठून येईल त्यांना — जन्मभर चोथा खाल्ला.

ते लाडू राहू दे त्यांच्यासाठी. ही दुसरी जुडी घे. सबंध पानं धू, मग चिर, मोठी मोठी. लोखंडी कढईत तेल, लसूण, मिरची, भाजी — वरून झाकण. पाणी? तिच्या अंगचं तिले पुरते. पानं बसली का उतरव, हिरवी दिसली पाहिजे, शेणासारखी नाही.

मले कोणी शिकवलं? भुकेनं, दुसरं कोण. सून शेवटी जेवे, तोवर कढईत तेलाचा डाग राहे. मग मी ते ओतायचं पाणी मीठ टाकून मोरीपाशीच पेत होती — चोरून. तुह्या रूपलालच्या वेळी नऊ महिने पेली, म्हणून तर बैल झाला तो. त्याच्या आधीच्या वेळी नव्हती पेत — म्हणजे — पोरगी होती. कापसासारखी पांढरी. तीन दिवस राहिली. मलेही विहिरीवर असंच अंधारून येत होतं, काल तुले आलं तसं. घागर धरून उभी होतीस न — पाहिलं मी. पाचवा महिना लागला न तुले? पाण्यानं झालं का देवानं केलं, मले नाही माहीत. पण पुन्हा एकदा पाहून घ्यायची माही तयारी नाही.

झाकण काढ. झाली. घे वाढून — तूच, आणखी कोण? पुरुषांच्या आधी, हो. या घरात कोण्या सुनेनं खाल्लं नाही, म्हणूनच सांगते, दार लोटून घे. गंजातलं पाणीही पे. हे जोडे वाजले, आले बापलेक. मी ओसरीत जाते, बिबट्याची गोष्ट काढते. तुहं ताट रिकामं होयेपर्यंत त्या बिबट्याले मी मरू देत नाही. खाय आता. घाई नोको करू.