सुईण अजून कोठडीतच

...नाही, पण माझं म्हणणं काय, खून कुणी केला एवढंच कळू द्या ना मला! बाकी काही मागतेय का मी? तुम्हाला सांगते, वाचनालयातून कादंबरी आणलीय, जुन्या अमेरिकेतली, तिथे नुकती गावं वसत होती तेव्हाची. काय रंगलीय म्हणून सांगू! गिरणीवाला विषाने मरतो, आणि आळ कुणावर? त्याच्या बायकोचं बाळंतपण करणाऱ्या सुईणीवर! का? तर म्हणे बाई एकटी राहते, अवेळी हिंडते. अहो, बाळं काय वेळ विचारून येतात? टाकली तिला कोठडीत, आता फाशीच देणार... मी सातवी शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचते, पण तिला सोडवल्याशिवाय राहायची नाही!

पण माझं तान्हं पिल्लू झोपेल तेव्हाच वाचायचं ना? झोपतं. मी पुस्तक उघडते. त्यात गिरणीवाल्याचं तान्हं खोकतं, अंग तापतं... झालं! आपलं बघावं का? नको, आत्ताच बघितलंय. पण तेव्हा गार होतं, आता? हळूच कपाळाला हात लावते, की टक्क डोळे उघडून... भोंगा! पुस्तक मिटलं. सुईण अजून कोठडीतच!

हे म्हणतात, "अगं, ताप त्या पुस्तकातल्या पोराला आलाय, आपल्या नाही." कळतं हो मला! हाताला कळत नाही!

बरं, ते पान सोडून पुढे जावं, तर पुढे शेजारणीचं बाळ आजारी! त्या काळात धड डॉक्टर नाही, औषध नाही, पानापानाला कुणीतरी कण्हतंय. मी हात लावते, पिल्लू उठतं, सुईण अजून कोठडीतच!

काल सासूबाई वैतागल्या. "आण इकडे! घाबरट कुठली. चार पोरं वाढवलीत मी. मी वाचते, तू हात मांडीखाली घालून बस."

बसले. त्या चष्मा लावून हळू आवाजात वाचताहेत, सुईण गज धरून सांगतेय, "मला माहितेय विष कुणी..." आणि तेवढ्यात कोठडीबाहेर कुणाचं तरी तान्हं ठसकलं. सासूबाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं. पाळण्याकडे बघितलं. म्हणाल्या, "नुसतं बघते हं..."

भोंगा!

आता पिल्लू सासूबाईंच्या खांद्यावर, टक्क जागं, वर हसतंय! मी म्हटलं, "आई, ती बिचारी अजून कोठडीतच हो!"

तर म्हणतात, "असू दे गं. तिथे निदान झोपत तरी असेल!"