बोअरचं पाणी अन् माझी पीएचडी

माझ्या पीएचडीनं सासूबाईंना हंडे वाहायला लावले, ठाऊक हाय का? पाण्यात दात-हाडं बिघडवणारं फ्लोराईड असलं की यूव्ही दिव्याखाली निळं चमकणारं रसायन मी बनवलतं. आष्टीहून सासूबाईंच्या नव्या बोअरचं पाणी आणलं, थेंब टाकला, तर बाटली लख्ख निळी! लगेच फोन केला, “आई, ते पाणी पिऊ नका.” बिचाऱ्या हापशावर जायला लागल्या.

मग गाईड सरांनी विचारलं, “मॅडम, बाटली कशानं धुतलीत?”

“कपड्याच्या पावडरीनं.”

“अहो, त्या दिव्याखाली पावडरच निळी चमकते!”

नीट विसळलेल्या दुसऱ्या बाटलीत त्याच बोअरचं पाणी पुन्हा आणलं, तर ते अजिबात चमकलं न्हाई. भीत भीत सासूबाईंना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून सांगतीय, भांडं नीट विसळत जा. आता दिवाबी तेच सांगायलाय व्हय?”