हरभऱ्याच्या राखणीले नवे गायक

नवीन गाणाऱ्यात चांगला कोण, हे तुमी मलेच विचारून राहिले, तर ऐका. औंदा माह्या हरभऱ्यात रानडुकरं घुसत होते. आमच्या मोर्शीकडे वावरात भोंगा लावतात, आवाजानं जनावर पळते. पण जुन्या गाण्यांले डुकरं सरावले होते. अमरावतीले शिकणारी नात म्हणे, "आबा, मी तुमाले नवे कलाकार देतो."

आधी एक गझलवाली पोरगी लावली. नात म्हणे, गळा गोड. डुकरं निवांत चरले. मंग गिटारवाल्या पोरांचा बँड लावला, तर अर्धे गेले, अर्धे थांबले. शेवटी अकोल्याचा एक रॅपवाला लावला. त्यानं तोंड उघडलं अन् सगळा कळप धुऱ्याच्या बांधापलीकडे. हरभरा वाचला.

सकाळी शेजारचा गजानन तणतणत आला. "काका, तुमचे डुकरं माह्या तुरीत आले."

"मंग तूबी तोच पोरगा लाव."

त्यानं लावला. मंग त्याच्या शेजाऱ्यानंबी लावला.

नात सुटीत घरी आली, तर खुश. "आबा, शिवारभर त्याचंच गाणं वाजून राहिलं. तुमाले काय आवडलं त्याच्यात?"

"मले काय माहीत," मी म्हटलं. "मी कानात कापसाचे बोळे घालून बसत होतो."