साहेब, नमुना आणि थंड डबा

...नाही, मला एक सांगा, उकडलेला बटाटा चार तासांनी कसा दिसतो, हे तुम्ही कधी नीट बघितलंय का? नसेलच बघितलं. तुमचं नशीब थोर. मी बघितलंय. रोज बघतो. सकाळी तोच बटाटा असा गोंडस, लोणी लावलेला, वाफाळता, आणि साडेअकराला बघावा तर... अहो, आमच्या कचेरीत पेन्शनचा अर्ज घेऊन यायची ना माणसं, तिसऱ्या खेपेला त्यांचे चेहरे जसे व्हायचे, अगदी तसा! आणि हा बटाटा पाच वर्षांच्या पोरीने हसतहसत खावा अशी आमची अपेक्षा. का? तर शाळेत गरम करायची सोय नाही!

तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते शाळेच्या सभेत. पालकांची सभा. खुर्च्या कुणाच्या? पोरांच्या! माझे गुडघे माझ्या कानांशी, पलीकडे एक पैलवानासारखा गृहस्थ, तो उठला तर खुर्ची त्याच्याबरोबर उठली. आणि समोर त्या वर्गाच्या बाई, गोड आवाज, एवढा गोड की धडकी भरावी. म्हणतात, "आजीआजोबांनीसुद्धा लक्षात घ्या हं. डब्यात विविधता हवी. शेंगदाणे नकोत, कुणाला त्रास होतो. तळलेलं नको. गोळ्या-चॉकलेट नको. द्राक्षं दिलीत तर उभी कापून द्या, घशात अडकतात. आणि आपल्याकडे गरम करायची सोय नाही." मी हात वर केला. म्हटलं, बाई, मग उरलं काय? तर हसून म्हणतात, "कल्पकता!"

कल्पकता! अहो, मी सरकारी खरेदी विभागात कारकून होतो हो! कल्पकता दाखवली असती तर चौकशी लागली असती माझ्यावर!

आता तुम्ही म्हणाल, डबा भरायला तुम्हीच का? घरात दुसरं कुणी नाही? आहेत ना. मुलगा आहे, तो रात्रपाळीला. सकाळी येतो तो सरळ उशीत तोंड खुपसतो, दुपारपर्यंत त्याचे नुसते तळपाय दिसतात. आमच्या सौ. लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, परगावी, तिथून फोनवर हसतात. "तुम्ही? डबा? अहो, तुम्हाला गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी माहीत आहे का?" आणि सूनबाई... तिच्यासाठीच तर हे सगळं. सूनबाई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. पाच वर्षं घरी होती, पोरीसाठी. शिकलेली मुलगी, पाच वर्षं दुधाचं भांडं उतू जाऊ न देण्यात गेली तिची. नोकरी लागली आणि काय सांगू, सकाळी वेणी घालताना गुणगुणायला लागली हो! मी आतल्या खोलीत पेपर वाचत असायचो, पेपर खाली ठेवून ऐकायचो. सहाला निघावं लागतं तिला. आणि नोकरी अजून कच्ची, तीन महिने बघणार, मग पक्की करणार. तेव्हा मीच छाती काढून म्हटलं, अगं जा तू खुशाल. डब्याचं माझ्याकडे लागलं!

लागलं ते लागलंच.

पहिल्या दिवशी भात दिला, वर वाटाणे. परत! जसाच्या तसा. भाताचे खडे झालेले, त्याने कावळे हाकलता आले असते. दुसऱ्या दिवशी पाव, आत काकडी. परत! काकडीला पाणी सुटून पावाचा टीपकागद झालेला. तिसऱ्या दिवशी अंडं. अंडं परत आलंच, वर बाईंचा निरोप, "आजोबा, अंडं नको हं, डबा उघडला की आजूबाजूची मुलं नाक धरून उठतात." बरं, मग शेवया. शेवया त्या डब्यात एकमेकींना अशा चिकटल्या, अशा चिकटल्या, की एक ओढली तर सगळ्या वर आल्या आणि डबा पण वर आला! सफरचंद कापून दिलं तर त्याला गंज चढला. चीजला घाम फुटला. मलाही फुटला. आणि रोज दुपारी मी फाटकाशी उभा, साहेब येणार, मी दप्तर हातात घेणार, वजनावरूनच कळायचं. भरलेला! खावं तरी कसं पोरीने? गरम करायची सोय नाही!

'साहेब' म्हणजे आमची नात. घरात तिला साहेबच म्हणतात, कारण बसणं तसं, बघणं तसं, आणि "हं" म्हणणं तर हुबेहूब तसं.

मग मी विचार केला. म्हटलं, आपलं चुकतंय कुठे? आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, खरेदी विभागात आयुष्य गेलं आपलं! खुर्ची घ्यायची असो, दोरखंड असो, झाडू असो, नमुना मंजूर झाल्याशिवाय माल आत आलाय कधी? साहेब खुर्चीवर बसून बघणार, डावीकडे झुकणार, उजवीकडे झुकणार, "हं" म्हणणार, मग माल! आणि इथे मी काय करत होतो? नमुना न दाखवता थेट माल पाठवत होतो! परत येणार नाही तर काय होईल?

दुसऱ्या दिवसापासून पद्धत सुरू. सूनबाई सहाला बाहेर, साहेब सव्वासहाला स्वयंपाकघरात, उंच स्टुलावर. पुढ्यात बशी. बशीत नमुना. साहेब चाखणार. चेहरा गंभीर. मी हात बांधून उभा. "मंजूर," म्हणणार. की मी डबा भरणार.

आणि डबा परत!

आता आली का पंचाईत? मंजूर माल परत! असं पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. मी खोलात गेलो. डब्यातलं थोडं वाटीत काढून खिडकीत ठेवायला लागलो, बरोबर साडेअकराला, म्हणजे शाळेच्या सुट्टीत, मी ते इथे खायचं. खाल्लं. देवा... मग कळलं. साहेब मंजुरी देतात ती गरम मालाला आणि शाळेत पोचतो तो थंड! नमुना वेगळा, माल वेगळा, ही तर सरळसरळ फसवणूक! तेव्हा ठरवलं, आदल्या रात्री करायचं, गार होऊ द्यायचं आणि सकाळी गार नमुना दाखवायचा. आणि एक नमुना कसला? नियम काय सांगतो? तीन! तुलना कशी होणार नाहीतर? तीन बश्या. मक्याचे दाणे, बटाटा आणि चीज लावलेला पाव. साहेब पहिली बशी चाखणार, दुसरी चाखणार, तिसरी चाखणार, मग पहिलीकडे वळून म्हणणार, "आजोबा, हे अजून मला नीट कळलं नाही."

कळलं नाही म्हटल्यावर? पुन्हा दाखवायला नको? निर्णय घाईत होता कामा नये! मी आणखी वाढायचो. त्या पुन्हा चाखायच्या. "आता थोडं कळलं." मग पाव पुन्हा, कारण बटाट्यामुळे पावाची चव विसरली. वर निघताना पेलाभर दूध, ते आईचं आधीपासूनचं फर्मान. आणि मग निकाल, "तिन्ही मंजूर!" मी खुशीत तिन्ही भरायचो. असं सकाळी आमचं दोघांचं एवढं छान चालायचं, तुम्हाला सांगतो, ती पाय हलवत बसलेली, मी बश्या सरकवतोय, नोकरीत सुद्धा मला कामाचा एवढा उत्साह नव्हता.

आणि दुपारी डबा? परत! कणभर सुद्धा कमी नाही!

बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "उघडते हो, बघते, आणि बंद करते. रडत नाही, काही नाही. छान खेळते." छान खेळते! उपाशीपोटी! माझं काळीज तुटायचं. घरी आणली की मी तिला आधी गरमगरम वरून तूप सोडून भात भरवायचो, नको नको म्हणत खायची बिचारी. चारला दूध, बिस्किटं, केळं. सकाळपासून पोटात काही नाही पोरीच्या! मग पाचला सूनबाई यायची, पहिला हात डब्याला. उघडायची. बघायची. माझ्याकडे नाही बघायची, ते जास्त लागायचं. सातला पान वाढायची तर साहेब म्हणायच्या, "आई, मला भूक नाही."

"बाबा," सूनबाई म्हणाली, "दिवसभर काही न खाता संध्याकाळी सुद्धा भूक नाही म्हणते ही. भूकच मेली हो हिची."

मरेल नाहीतर काय? गरम करायची सोय नाही!

त्या आठवड्यात वेणी घालताना गुणगुणणं बंद झालं. मी पेपर खाली ठेवून बसायचो, नुसता कंगव्याचा आवाज. आणि एका संध्याकाळी भांडी आवरता आवरता तिने पाठमोरीच सांगितलं, "बाबा, मी ठरवलंय. सोमवारी त्यांना सांगून टाकते, जमत नाही म्हणून. नोकरी पुन्हा मिळेल. पोरगी वाळून गेली तर ती मिळणार आहे का?" मी म्हटलं, अगं, मी आणखी प्रयत्न करतो! तर म्हणते, "तुम्ही करताय बाबा, दिसतंय मला. तुमचा दोष नाही." तुमचा दोष नाही! यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या रात्री पाच नमुने केले.

शनिवारी डॉक्टरकडे. सूनबाई, मी आणि साहेब. डॉक्टरीणबाई तरुण, चष्म्याआडून बारीक बघणाऱ्या. सूनबाईने सगळं सांगितलं, मी शेजारी मान खाली घालून, आरोपीसारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू या. चढ गं बाळा काट्यावर." साहेब चढल्या. बाई काट्याकडे बघतात, मग जुन्या कागदाकडे बघतात, मग पुन्हा काट्याकडे. मी डोळे मिटून घेतले.

"वजन कमी झालंय म्हणता?" बाई म्हणाल्या. "दोन किलोंनी वाढलंय! हिची उपासमार अशी होत असेल तर माझ्या घरी पण दोघं आहेत, त्यांना तुमच्याकडे पाठवते."

सूनबाई बघतच राहिली. बाईंनी साहेबांना टेबलावर बसवलं. "काय गं, सकाळी उठल्यावर काय खातेस?"

"मी खात नाही," साहेब म्हणाल्या. "मी मंजूर करते."

"म्हणजे काय करतेस?"

"आजोबा बश्या आणतात. आज पाच होत्या. पाव, मका, बटाटा, दही घातलेला भात आणि चीज. बटाटा मला तीनदा कळला नाही. मग दूध. मग शाळा. शाळेत माझं पोट बंद असतं. मग घरी आल्यावर आजोबा तूपभात देतात, तो नको म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून खाते."

मला भिंतीवरचा दातांचा तक्ता एकदम फार वाचनीय वाटायला लागला. मी तरी म्हणालो, अहो, पण ते खाणं नव्हे, तो नमुना! नमुना खाण्यात धरत नाहीत! आमच्याकडे कधीच धरला नाही! डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला, खांदे हलत होते त्यांचे. आणि सूनबाई... आधी हसली. मोठ्याने, तोंडाला पदर लावून. मग हसता हसता खुर्चीत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "बाबा, अहो, परवा मी नोकरी सोडणार होते हो..."

मी खाली वाकून साहेबांच्या पायात चपला घालायला लागलो.

बाहेर पडल्यावर रस्त्यातच हुकूम निघाला. सकाळचं चाखणं बंद. बशी नाही, नमुना नाही. अर्धा पेला दूध आणि शाळा. दुपारी तूपभात बंद. आणि सोमवारी काय? साधा लोणी-पाव, उभी कापलेली द्राक्षं, गाजराचे तुकडे. आणि तुम्हाला सांगतो, दप्तर हातात घेतलं आणि माझा मागे झोक गेला हो, एवढं हलकं! डबा चाटूनपुसून! तो पाव चार तासांचा होता, गार होता, कडांना वाकलेला होता आणि साहेबांनी कडांसकट खाल्ला होता. मी तो रिकामा डबा सूनबाईच्या हातात दिला. तिने उघडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मागच्या महिन्यात तिला पक्कं केलं त्यांनी. सकाळी गुणगुणणं सुरू आहे. सूर बरा नाही, पण मी पेपर खाली ठेवतो.

म्हटलं, सुटलो! आता डबा आपल्या मर्जीने भरायचा. कुणाला विचारायचं नाही, दाखवायचं नाही...

कसलं काय? सव्वासहाला स्टूल सरकवल्याचा आवाज. साहेब हजर. हाताची घडी घालून बसल्यात. मी म्हटलं, अगं, चाखायची मनाई आहे तुला, आईने सांगितलंय ना? तर म्हणतात, "चाखत नाही. नुसती बघते." बघा बापडे. मी मका काढला. बघितला. "नामंजूर." अगं, तोंडात घातला नाहीस, कळलं कसं तुला? "दिसतंय ना. तो दमलाय." बटाटा काढला. "नामंजूर." पाव काढला. खूप वेळ बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "कडा माझ्यावर रागावल्यात. दुसरा आणा."

आता सांगा, काय करायचं माणसाने? न वाचता सही करणारे साहेब मी आयुष्यभर पाहिले, त्यांचा मला फार राग यायचा. आता वाटतं, देवमाणसं होती हो ती. हे आमचे साहेब न चाखता नामंजूर करतात, रोज करतात, तीन तीन वेळा करतात... आणि यांची कुठे बदलीही होत नाही!