बोर्डावर उबवणी लिहिलं होतं

नाही, कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, पोटच्या मुलाने नाही, शेजारच्या शिंपिणीने तर नाहीच नाही, तिचा तसा कशावरच विश्वास नसतो, स्वतःच्या मापावरसुद्धा नाही, दोनदा मोजते आणि तरी बाही तोकडीच शिवते. मी आपली जीव तोडून सांगतेय, माझी अंडी विद्यापीठात उबवायला ठेवलीत, आणि आमचे हे माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतात. अहो, ताप मला नाही, अंड्यांना हवाय! आणि यात माझं काय चुकलं? बोर्डावर लिहिलं होतं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या कपाळाला हात लावाल.

माझा धंदा पिल्लांचा. मशीनमध्ये अंडी उबवायची, पिल्लं काढायची, आसपासच्या वस्त्यांवर विकायची. मशीन म्हणजे काय, एक जुनं लाकडी कपाट, आत बल्ब आणि तार. वीज असली तर पाळणाघर, गेली की थडगं. वीज गेली रे गेली की घरातल्या होत्या नव्हत्या त्या रजया मी त्या कपाटावर घालणार, आणि आमचे हे कुडकुडत म्हणणार, देवाने मला अंडं केलं असतं तर बरं झालं असतं. तरी दर खेपेला निम्मी अंडी वाया जायची. तिकडे शहरातून मुलाचा फोन सुरूच... आई, बंद कर ते, आमच्याकडे या, आराम कर. आराम! एकदा राहिले मी त्याच्याकडे आठवडाभर. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची खिडकी, तीही बंद. सून चांगली आहे हो, खोटं कशाला बोलू, पण मला चमचासुद्धा उचलू देत नाही. धडधाकट माणसाला चमचा उचलू दिला नाही तर त्याने करायचं काय दिवसभर? भिंतीला टेकून भिंत व्हायचं?

शेवटी भांडून भांडून ठरलं. ही एक खेप. निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली तर मी इथेच राहणार, नाही निघाली तर मशीन भंगारात आणि मी मुलाकडे. मी शब्द दिला. आणि मी शब्द मोडत नाही हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणूनच त्याने तो मागितला. लबाड. माझ्यावरच गेलाय.

आणि तुम्हाला सांगते, खेप अर्ध्यावर आली आणि मशीनची तार जळाली. भसकन धूर, वास, कारभार आटोपला. वायरमन आला, डोकं खाजवलं, म्हणाला, तार शहरातून मागवायला लागेल, येईल दोन-चार दिवसांत. दोन-चार दिवस! अंडी काय तोवर श्वास रोखून बसणार होती? आमचे हे? उठले आणि बॅग भरायला घेतली. पहिली वस्तू कुठली भरली? स्वतःची उशी.

आता त्या विद्यापीठाचं ऐका. आमच्या रस्त्याच्या पलीकडे आहे, भलंमोठं, किती वर्षं झाली. आम्हाला त्याचा उपयोग काय? भिंत. कपडे वाळत घालायला अशी भिंत शोधून सापडायची नाही, दुपारभर ऊन. आत काय चालतं ते आम्ही कधी विचारलं नाही, बाहेर काय चालतं ते त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांची ओळख, पण सगळी चादरीच्या आडून! तर त्या भिंतीच्या वर एक नवा बोर्ड लागला होता. मी चौथी पास आहे, वाचता येतं मला. फक्त लांबलचक शब्द आला की त्याला वळसा घालते, रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात तसा. पहिला शब्द तसलाच होता, सोडला. पुढचं स्वच्छ वाचलं. उबवणी केंद्र.

सांगा आता. जिची अंडी गार पडतायत, तिने उबवणी केंद्र वाचल्यावर कुठे जायचं? न्हाव्याकडे?

टोपलीत भुसा, भुशात अंडी, वर रजई, रजईत गरम पाण्याची पिशवी, आणि मी निघाले. गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, काय काम आहे? म्हटलं, उबवायचंय. म्हणाला, डावीकडून वर, काचेची खोली. बघा! त्यालासुद्धा काही वावगं वाटलं नाही.

वर गेले तर तरणीताठी पोरं-पोरी जमिनीवर पोत्यांवर बसलेली. भरलेली मऊ पोती हो, खुर्च्या ढीगभर रिकाम्या असताना! भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. म्हटलं, अंड्यागणिक चिठ्ठी ठेवतात वाटतं, कामाला चोख आहेत. एक चष्मेवाली पोरगी पुढे आली, गोड पोरगी, आधी पाणी दिलं, मग समोर बसली.

"मावशी, तुमची कल्पना काय आहे?"

"कल्पना कसली? गावठी आहेत."

"बरं... कुठल्या टप्प्यावर आहे?"

"अर्ध्यावर आलीत. आज सोय लागली नाही तर मेली."

तिने मान डोलावली. म्हणाली, "सगळ्यांचं तिथेच अडतं, मावशी. पाठबळ कमी पडतंय का?"

"ऊब कमी पडतेय."

"ऊब," ती म्हणाली. "किती छान शब्द वापरलात."

मी रजई बाजूला केली.

मग काय विचारता... पोत्यांवरची पोरं पोत्यांवरून गडगडली. कुणी पोट धरतंय, कुणी डोळे पुसतंय. मग एकाने समजावलं, की मावशी, इथे नवे उद्योग उबवतात. तो वळसा घातलेला शब्द नवउद्योग होता म्हणे! मी म्हटलं, अरे मग माझा उद्योगच उबवायचा आहे, म्हणजे मी दोन्हीकडून बरोबर. आणि उबवता येत नसेल तर उतरवा तो बोर्ड, गरजू माणसं फसतात. बोर्डावर लिहिलं होतं!

हसायची पहिली कोण थांबली, तर चष्मेवाली. तिने एका अंड्यावर तळवा ठेवला आणि तिचा चेहराच बदलला. म्हणाली, गार पडत चाललंय. आणि टोपली उचलून जी पळत सुटली, तिच्या मागे मी, माझ्या मागे सगळी पोती सोडून पोरं.

टोपली गेली मफलर सरांकडे. पोरांनीच ठेवलेलं नाव. माणूस जन्मभर उष्णतेचा अभ्यास करतोय आणि स्वतः बारमाही गळ्यात मफलर गुंडाळून. त्यांच्या खोलीत एक कपाट होतं, भिंती जाड, भिंतींच्या पोटात मेण भरलेलं. वीज असली की ते मेण वितळतं आणि ऊब पिऊन घेतं, वीज गेली की गोठता गोठता तीच ऊब हळूहळू परत देतं. आणि मेण असं निवडलेलं, की कोंबडीच्या पोटाखाली असते ना, बरोबर तेवढीच ऊब. मी विचारलं, हे केलंत कशासाठी? सर म्हणाले, लेख लिहिले, परदेशात छापून आले, कौतुकही झालं. वापरायला मात्र कुणी आलं नाही.

म्हटलं, "म्हणजे सर, तुम्ही कोंबडी बनवलीत आणि तुम्हाला अंडंच कुणी दिलं नाही."

सर इतके हसले की मफलर सुटला.

अंडी आत गेली. मी तिथेच ठाण मांडलं, आणि सवयीप्रमाणे जरा वेळ गेला की दार उघडून डोकावायचे. सरांनी दोन-तीनदा बघितलं, मग मला ऊब दाखवणाऱ्या काट्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, आता उघडा. उघडलं. काटा असा धाडकन खाली आला, मी दार आपटून लावलं. इतकी वर्षं मी विजेच्या नावाने बोटं मोडत होते, आणि विजेने मारली तितकीच अंडी माझ्या काळजीनेही मारली होती! सरांनी दाराला काच बसवली. म्हणाले, काळजी बाहेरून करा. मग मीही त्यांना सांगितलं की अंडी फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. चष्मेवालीने फोनवर अलार्म लावला, कोंबड्याच्या बांगेचा. एकदा तो कुलगुरूंच्या बैठकीत आरवला.

आणि घरी? घरी कुणाचा विश्वास नाही! आमचे हे बॅगेला कुलूप लावून बसलेले. शिंपीण कुंपणावरून म्हणते, विद्यापीठात उबवलीस तर पिल्लं पदवी घेऊनच निघतील गं. मी म्हटलं, बोर्डावर लिहिलं होतं!

एका दुपारी वीज गेली. अख्ख्या विद्यापीठाची. जनरेटर होता तो फक्त ऑफिसला, फाइलींना थंडी वाजू नये म्हणून असेल. मी रजई आणायला उठले, सर म्हणाले, बसा. बसले. काचेतून काट्याकडे बघत बसले. सर बघतायत, पोरं बघतायत. दुपार कलली, वीज नाही, आणि काटा हलला नाही. माझ्या कपाटाने असा दिवस एकदाही पार केला नव्हता.

पिल्लं निघायच्या दिवशीच मुलगा गाडी घेऊन आला. आमचे हे उशीसकट गाडीत जाऊन बसले. मुलगा मला न्यायला विद्यापीठात, रखवालदार त्याला विचारतो, तुम्हालाही उबवायचंय का? वर आला तो कपाळाला आठ्या घालूनच. खोलीत ही गर्दी, सगळे काचेला नाकं लावून. टक... टक... एक कवच तडकलं, चोच दिसली. मग दुसरं. मग चिवचिवाट असा सुरू झाला की शेजारच्या वर्गातले सर शिकवायचं सोडून आले. मोजदाद चष्मेवालीने केली, माझ्या मोजणीवर घरच्यांनी भरवसा ठेवला नसता. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गेली, बाकी सगळी जिवंत, ओली, ठणठणीत.

मुलाच्या तळहातावर एक पिल्लू ठेवलं. त्याने दुसरा तळवा त्याच्यावर आडोशाला धरला. मग खालमानेनेच म्हणाला, "आई, बाबांची उशी उतरवतो."

आता विचाराल, पुढे सगळं छान झालं ना? झालं! सुतार आणि पत्रेवाला मिळून तसली कपाटं बनवतात, हाताला उसंत नाही. कपाटावरच्या जाड खोळी शिंपीण शिवते, आणि मापात शिवते, सर तपासतात ना! मेण कमी लागावं म्हणून पोरांची खटपट सुरू आहे, कपाटं नेणाऱ्यांना मी शिकवते. भिंतीपलीकडे जायची कुणाला भीती उरली नाही, चांभार परवा त्याचा न चिकटणारा गोंद घेऊन आत गेला. मी इथेच आहे, माझे चमचे माझ्या हातात आहेत.

पण कपाटाला नाव द्यायचं ठरलं. सरांनी काहीतरी लांबलचक सुचवलं, मी वळसा घातला. मग पोरांनी परस्पर ठरवलं आणि सुताराने ते प्रत्येक दारावर रंगवलं... मावशी. तेव्हा मला भरून आलं. अक्कल नंतर आली. आता उजाडल्यापासून फोन. मावशी तापत नाही. मावशीचं दार लागत नाही. परवा एकाने भर बाजारात हाक मारून सांगितलं, आमची मावशी खालून गळतेय, तिचं बूड बदलून द्या. आमचे हे तोंडात टॉवेल कोंबून हसत होते. कुणी शिळी अंडी ठेवतो, कुणी अलार्म बंद करून झोपतो, सुतार बिजागरी उलटी बसवतो, कुणाकडे सगळेच कोंबडे निघतात, त्याला कोण काय करणार? पण बिघडवो कुणीही, नाव कुणाचं येतं?

मावशीचं.