आपल्याच रूटवर, पायी

(सकाळ. बसच्या रस्त्याच्या कडेनं, फुटपाथवरून दोघे चालताहेत.)

कंडक्टर : का थांबलास पुन्हा? दम लागला?

ड्रायव्हर : नाही. स्टॉप आला.

कंडक्टर : अरे बाबा, तू बस नाहीस. कुणाला चढायचं नाही, कुणाला उतरायचं नाही. चल पुढे!

ड्रायव्हर : पाय आपोआप थांबतात.

कंडक्टर : जग बागेत फिरायला जातं. हा पठ्ठ्या निघाला आपल्याच रूटवर, पायी.

ड्रायव्हर : बागेत नुसतं गोल गोल. पोचायचं कुठंच नाही.

कंडक्टर : पोचायला कुणी सांगितलंय? अटॅक आलाय तुला, चालायला सांगितलंय. वहिनींनी ही धोंड माझ्या गळ्यात बांधली म्हणून बोलतो.

ड्रायव्हर : एका गाडीवर हयात गेली आपली. डबासुद्धा अर्धा-अर्धा खाल्ला. मग अटॅक मलाच कसा?

कंडक्टर : तू बसून, मी उभा. दिवसभर गर्दीतून मागे-पुढे, मागे-पुढे. डॉक्टरच म्हणाले ना, त्यानंच माझं काळीज टिकलं. तू हसायचास मला. ‘मी राजा, तू हमाल’ म्हणायचास!

ड्रायव्हर : हसायचो खरा.

कंडक्टर : आता मशीन तिकिटं देतं आणि मला बसवलंय ऑफिसात, खुर्चीवर. पोट बघ कसं सुटलंय. तुझ्यावर उपकार म्हणून नाही येत मी.

ड्रायव्हर : बाजूला हो. सायकल आली.

कंडक्टर : साहेब आपले! डोक्यावर टोपडं काय, ते घट्ट कपडे काय. मोटार दारात उभी आणि हे हौसेनं पायडल मारतात. आपला फिटर बिचारा जन्मभर मारतोय, गरजेपोटी.

ड्रायव्हर : फायदा दोघांना सारखाच, म्हणाले डॉक्टर. काळजाला काय कळतंय, हौस की गरज.

कंडक्टर : अरे हो, काल तपासणी होती ना तुझी? काय म्हणाले?

ड्रायव्हर : चांगलं म्हणाले. वजन उतरलं, बीपी उतरलं. असेच चालत राहा, नातवंडांची लग्नं बघाल.

कंडक्टर : मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का? स्टिअरिंगवर कधी बसतोस ते सांग!

ड्रायव्हर : नाही बसत.

कंडक्टर : म्हणजे?

ड्रायव्हर : बस चालवायची नाही. कायमची. मागे माणसं बसलेली असतात, म्हणाले. खरंच आहे त्यांचं.

कंडक्टर : आणि हे तू आत्ता सांगतोस? एवढा रस्ता तुडवल्यावर?

ड्रायव्हर : सांगावंसंच वाटलं नाही. काल घरी आलो, जेवलो, आडवा झालो. राग नाही, रडू नाही. कुणी इंजिन बंद करून निघून गेल्यासारखं झालंय आत.

कंडक्टर : त्याच आशेवर चालत होतास रे तू.

ड्रायव्हर : हो.

कंडक्टर : मग आज कशाला निघालास?

ड्रायव्हर : उजाडलं. बूट घातले.

कंडक्टर : वहिनी काय म्हणाल्या?

ड्रायव्हर : तिला तब्येतीचं तेवढं सांगितलं. पुढचं नाही.

कंडक्टर : मी सांगू?

ड्रायव्हर : नको. इतक्यात नको. अटॅक आल्यापासून रोज रात्री उठून माझ्या नाकाशी बोट धरून बघायची. काल उठली नाही.