मीटरला न दिसलेली झीज

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक सवाल विचारतो — माणूस किती झिजला हे कशानं मोजायचं? तो किती लांब गेला यावरनं? सांगा की! माना काय डोलवताय, अजून मी काही सांगितलंच नाही!

तर ऐका. घाटाखालच्या एका गावात निवृत्ती सोनटक्के नावाचा गृहस्थ. दारात डिझेलची जुनी जीप. तिच्यावर जीव म्हणजे केवढा! दसऱ्याला झेंडूची माळ, अमावस्येला लिंबू-मिरची. आणि धंदा कसला? वरातीचा! पुढं नवरदेवाचा घोडा, मागं ही जीप, टपावर भोंगे. देवळापासून मांडवापर्यंत वाट अर्ध्या मैलाची, पण इंजिन पाच-पाच तास चालू! नाचणारे नाचतात, जीप जागेवर धूर ओकते.

तालुक्याचे गॅरेजवाले शब्बीरभाई म्हणाले, "निवृत्तीभाऊ, ऑइल बदला. काळं पडलंय."

निवृत्ती हसला. "मीटर बघा की भाई! दहा हजाराला बदलायचं असतं. माझे तीनसुद्धा झाले नाहीत."

"दहा हजार लांब पल्ल्याच्या गाडीला! तुमची जागेवर जळते. मीटर चाकाचं मोजतं, इंजिनाचं नाही. तुम्ही किलोमीटर विसरा, सहा महिने झाले की बदला. निदान दांडी तरी ओढून बघत जा!"

दांडी म्हणजे इंजिनात ऑइल किती आणि कसं, ते दाखवणारी पट्टी. ओढायला वेळ किती? कपाळाला बुक्का लावायला लागतो तेवढा! पण नाही ओढली. वरून माळ घालणारा माणूस आत कशाला बघतोय?

त्याची बायको द्वारका. चूल, गोठा, विहीर — पंचवीस वर्षं हेच. कधी वेस ओलांडली नाही. एकदा म्हणाली, "अहो, घागर आणताना लई धाप लागतीया. पाय सुजत्यात."

निवृत्ती काय बोलला? "धाप लागायला तू गेलीस कुठं? घरातच तर असतेस!"

हसू नका! बायका बघा, एक तरी हसतेय का?

चैत्रातली दुपार. भाकरी थापता थापता द्वारका कलंडली. ओठ निळे! शेजारणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, निवृत्तीनं जीप घाटाला लावली. दवाखाना वर तालुक्याला. दुसऱ्या वळणावर मीटरशेजारचा ऑइलचा लाल दिवा पेटला. "बल्बच खराब दिसतोय," म्हणून त्यानं आणखी दाबली. तिसऱ्या वळणावर आतनं कडकडाट झाला — आणि इंजिन जाम! जागचं हलेना.

बॉनेट उघडून निवृत्तीनं दांडी ओढली. पहिल्यांदाच! टोकाला डांबरासारखा गाळ. त्यानं जीपला लाथ घातली, "आत्ताच मरायचं होतं का तुला?"

आतनं बारीक आवाज आला, "थांबली का हो?"

"थांबली गं."

"वरडू नका तिच्यावर," द्वारका म्हणाली. "दमली असंल."

मंडळी, पाऊण तासानं खालून एक टेम्पो आला. तोवर टेम्पोची गरज उरली नव्हती.

स्मशानात मडकं धरायला निवृत्तीची मूठ लोकांनी सोडवली. मुठीत ती दांडी होती. दुपारपासून तशीच! आणि तो एकच बोलत होता, "मीटर तर कमीच होतं... मीटर तर कमीच होतं..."

खोटं नव्हतं बोलत. कमीच होतं! जागेवर जळालेलं मीटरला दिसतच नाही, मायबाप. गाडीचंही नाही अन् माणसाचंही नाही!

तुम्ही मनात म्हणताय, कसला हा निवृत्ती! अहो, तुमच्यातल्या किती जणांनी आज घरातनं निघताना विचारलं, ती जेवली का? उद्या सकाळी गाडीची दांडी ओढा. ओढाच! पण आज घरी गेल्यावर 'घरातच तर असतेस' हे तीन शब्द गिळा आणि विचारा — दमलीस का?

ती 'नाही' म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. बसा तिच्याजवळ.

उचला आता टाळ. हळू वाजवा.